किंमत सांगून गप्प राहायचं: दांडिया बाजारातले सहा रविवार

माझी भाची यंदा बडोद्याला फाईन आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रिंटमेकिंगला, म्हणजे प्लेटवरून चित्रं छापायच्या कलेला. जानेवारीत एका संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, "मावशी, दांडिया बाजारात एक वर्ग आहे. चित्र काढायला नाही शिकवत, काढून झाल्यावर पुढे काय करायचं ते शिकवतात. येतेस सोबत?" पहिल्या रविवारी मी तिला सोडायला गेले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिले ती तीन तास. दुसऱ्या रविवारी स्वतःची फी भरली.

या वर्गाला नाव नाही, दारावर पाटी नाही. एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, लाकडी जिन्याने वर गेलं की उजव्या हाताची मोठी खोली. सहा रविवार, सकाळी दहा ते एक, ३,६०० रुपये, पॅकिंगचं सामान त्यातच. बाराच जणांना घेतात. शिकवणारे दोघं: एक ताई, ज्यांनी मुंबईच्या गॅलऱ्यांमध्ये कितीतरी वर्षं कामांची आवक-जावक सांभाळली, आणि एक निवृत्त हिशेबनीस काका. पत्ता उघड लिहू नका असं त्यांनी सांगितलंय, कारण बारापेक्षा जास्त मुलं त्यांना नको आहेत. फाईन आर्ट्सच्या कॅन्टीनमध्ये कुणालाही विचारा, घेऊन जातील.

मला हा वर्ग इतका का भिडला ते आधी सांगते. मी २०१४ साली त्याच डिपार्टमेंटमधून बाहेर पडले. पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरातल्या एका गॅलरीने माझी नऊ एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडने कोरून कागदावर छापलेली चित्रं, प्रदर्शनासाठी मागवली. मी ती गुंडाळून, नळीत घालून, रात्रीच्या गाडीने स्वतः नेऊन दिली. पावती घेतली नाही. घ्यायची असते हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी मागायला जीभ उचलली नसती; माझी कामं लावतायत हेच तेव्हा खूप मोठं वाटत होतं. दीड वर्षाने चार परत आली, त्यातल्या दोन कागदांवर बुरशीचे पिवळे ठिपके. दोन विकली गेल्याचं कानावर आलं, पैसे आले नाहीत. उरलेल्या तिनांचा पत्ता आजतागायत लागलेला नाही. फोन केला की "बघून सांगतो". माझ्या हातात एक चिटोरंही नव्हतं, मग बोलणार कशाच्या जोरावर? त्यानंतर मी शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाले. नोकरी मला आवडते, पण बाहेर काम पाठवायची भीती मनात बसली ती बसलीच.

म्हणून पहिल्याच दिवशी ताईंनी फळ्यावर पाच ओळींचं चलन, म्हणजे काम देता-घेताना करायची पावती, लिहिलं तेव्हा मला गलबलून आलं. कामाचं नाव, माध्यम, माप, एडिशनचा (एकाच प्लेटवरून काढलेल्या ठरावीक प्रतींमधला) नंबर, किंमत. खाली दोन सह्या: देणाऱ्याची, घेणाऱ्याची. कमिशन किती टक्के, काम कधी परत करणार, विकलं गेल्यापासून किती दिवसांत पैसे देणार, वाटेत किंवा भिंतीवर खराब झालं तर भरपाई कुणी करायची. एवढंच. अर्धं पान. ताई म्हणाल्या, "समोरचा वाईट आहे म्हणून हे लिहायचं नसतं. दोन वर्षांनी दोघांनाही आठवणार नाही म्हणून लिहायचं." हे अर्धं पान मला कुणी वेळेवर दिलं असतं, तर माझी दहा वर्षं वेगळी गेली असती.

दुसरा रविवार किमतीचा. प्रत्येकाने आपलं एक काम आणायचं आणि त्याचा खर्च सगळ्यांसमोर मांडायचा. भाचीने दहाच्या एडिशनमधलं एक अ‍ॅक्वाटिंट (एचिंगचाच एक प्रकार) आणलं होतं, आमच्या सूरसागर तलावाचं, रात्रीच्या दिव्यांचं. काका वही उघडून बसले. झिंक प्लेट ९०० रुपये, म्हणजे एका प्रिंटमागे ९०. कागद २२०. शाई, ॲसिड, कापड मिळून ४०. प्रेसचं भाडं ६०. मग त्यांनी विचारलं, "प्लेटवर किती तास बसलीस, बेटा?" भाचीने कधी मोजलेच नव्हते. आठवून आठवून शेहेचाळीस निघाले. तासाचे १५० रुपये धरले, फार नाही धरले, तर प्लेटच्या कामाचे प्रिंटमागे ६९० आणि छापायच्या एका तासाचे १५०. बेरीज १,२५०. "आणि मेळ्यात कितीला दिलंस?" आठशेला. म्हणजे प्रत्येक प्रिंटबरोबर तिने साडेचारशे रुपये पदरचे घातले होते, आणि घरी येऊन आम्हाला सांगितलं होतं की तीन विकली गेली. आम्ही पेढे आणले होते.

गॅलरीने चाळीस टक्के घेतले तर हातात बाराशेपन्नासाच्या वर काहीतरी यायला किंमत किती हवी, ते मग सगळ्यांनी मिळून काढलं. ३,००० ठरली. गॅलरीतही तीन हजार आणि घरी येऊन कुणी मागितलं तरी तीन हजार. घरी स्वस्त दिलंत तर गॅलरी पुन्हा दार उघडत नाही, हे ताईंनी तीनदा सांगितलं.

पण खरा धडा पुढे होता. कामाशेजारी उभं राहायचं, समोर एक जण गिऱ्हाईक होऊन विचारणार, "कितीचं?" तुम्ही किंमत सांगायची आणि मनात दहा मोजेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं ना? बारापैकी अकरा जण पहिल्या खेपेला नापास झाले. भाची म्हणाली, "तीन हजार… पण कमी होतील, तुम्ही बघा ना." ताईंनी थांबवलं. "वाक्य 'रुपये'वर संपतं. पुन्हा." दुसऱ्यांदा ती म्हणाली, "तीन हजार रुपये," आणि लगेच हसली. "हसायचं पण नाही. पुन्हा." चौथ्या वेळी तिने सांगितलं, दोन्ही हात मागे बांधले, आणि खोलीत पंख्याच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. ते दहा आकडे मीसुद्धा मोजले. तिचे कान लाल झाले होते, पण मान खाली गेली नाही. आमच्या घरांमध्ये मुलींना पैशाचं बोलणं शोभत नाही असं सांगून वाढवतात, मलाही तसंच वाढवलंय, म्हणून त्या खोलीत काय घडत होतं ते मला पुरतं कळत होतं.

तिसरा रविवार पॅकिंगचा आणि यादीचा. हा माझा सगळ्यात आवडता. कागदावरच्या कामाला आधी ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत पातळ कागद, मग पुठ्ठा, मग बबल रॅप, आणि बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला. आत केले तर उन्हाळ्यात पृष्ठभागावर गोल गोल ठसे उठतात. काचेच्या फ्रेमवर मास्किंग टेपची फुली, म्हणजे काच फुटली तरी तुकडे कामावर घसरत नाहीत. कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या. परदेशी पाठवायचं असेल तर लाकडी पेटीवर आयएसपीएम १५ चा शिक्का हवा, म्हणजे लाकूड उष्णता देऊन किंवा औषधाने कीडमुक्त केलेलं आहे याची खूण. नाहीतर पेटी तिकडच्या बंदरावर अडकते. सगळ्यांचं बांधून झाल्यावर ताईंनी एकेक पार्सल उचललं आणि कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर सोडलं. शिल्पकलेच्या एका मुलाची टेराकोटाची टाईल होती. त्याने डोळेच मिटले. उघडून पाहिलं तर टाईल शाबूत, फ्रेमचा एक कोपरा उडालेला. "हा कोपरा तुझ्यासमोर गेला ते बरं झालं," ताई म्हणाल्या.

यादीचं महत्त्व बडोद्याच्या मुलांना वेगळं सांगायला नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा वर्गातल्या एका मुलीची तळमजल्यावरची खोली पाण्याखाली गेली होती. तिची चित्रं गेली. किती गेली, हे ती सांगू शकत नव्हती. फोटो नाहीत, मापं नाहीत, मदत मागायला अर्ज करायचा तर लिहिणार काय? आता आम्हा सगळ्यांकडे एक साधी वही आहे: कामाला नंबर, फोटो, वर्ष, माप, माध्यम, आणि शेवटच्या रकान्यात "सध्या कुठे आहे". तो रकाना पेन्सिलने भरायचा. मी माझी वही भरायला बसले तेव्हा २०१५ च्या नऊ कामांपैकी तीनसमोर तो रकाना कोरा सोडावा लागला.

काकांचा रविवार चौथा. त्यांनी सुरुवातच भूपेन खख्खरांपासून केली. खख्खर सनदी हिशेबनीस होते, १९६२ साली मुंबईहून बडोद्याला आले, इथे कलासमीक्षा शिकले, आणि पुढे कितीतरी वर्षं हिशेबाचं काम करून चित्रं काढत राहिले. काका स्वतः त्याच पेशातले, त्यामुळे हे सांगताना त्यांचा आवाज वेगळाच लागतो. खातेवही कळणारा माणूस कमी प्रतीचा चित्रकार होतो ही समजूत या शहरात तरी कुणी बाळगू नये, असं ते म्हणतात, आणि मला ते मनापासून पटतं. कामाच्या मोबदल्यातून बऱ्याचदा दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापला जातो, तो आपल्या पॅनवर जमा दिसतोय का ते आयकर खात्याच्या संकेतस्थळावर बघायचं, आणि उत्पन्न कराच्या मर्यादेत नसेल तर रिटर्न भरून तो परत मागायचा. अप्लाईड आर्ट्सच्या एका मुलाने तिथेच मोबाईलवर उघडून पाहिलं. दोन कंपन्यांची इलस्ट्रेशन्स केली होती, कापलेले पैसे बुडाले असं धरून चालला होता. ते तिथे जमा दिसत होते. पुढच्या रविवारी तो सगळ्यांसाठी सेव-उसळ घेऊन आला.

शिष्यवृत्त्यांचंही त्याच दिवशी झालं. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती, वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं; ललित कला अकादमी; कोचीच्या बिएनालेबरोबर, म्हणजे तिथे भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाबरोबर, होणारं विद्यार्थ्यांचं बिएनाले. हे थोडं घाईत उरकलं. यासाठी वेगळा रविवार हवा, कारण अर्ज भरण्यातच मुलं अडतात.

पाचवा रविवार हक्कांचा, आणि तो पहिला असायला हवा होता, ही माझी मोठी तक्रार आहे. भाचीच्या मैत्रिणीने एका कॅफेची भिंत रंगवून दिली होती. चार महिन्यांनी तीच चित्रं कॅफेच्या मेन्यूवर आणि कपांवर छापलेली दिसली. वर्गातले सगळे चिडले, केस करा, पोस्ट टाका, हे करा, ते करा. ताईंनी सगळ्यांना बोलू दिलं आणि मग १९५७ च्या कॉपीराईट कायद्याचं कलम १७ वाचून दाखवलं. काम तुम्ही स्वतःहून केलं असेल तर हक्क तुमचा, आणि चित्र विकलं तरी तो हक्क आपोआप जात नाही. लेखी, सही करून दिल्याशिवाय तो दुसऱ्याचा होत नाही. पण कुणी पैसे देऊन, सांगून तुमच्याकडून चित्र काढून घेतलं असेल, आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर कायद्याने पहिला मालक तो, तुम्ही नाही. खोलीत शांतता पसरली. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला एकच ओळ लिहून घ्यायची होती: "ही चित्रं फक्त या भिंतीसाठी, इतर वापराचा हक्क चित्रकाराकडे." एक ओळ! ताईंनी तिला कलम ५७ दाखवलं. मालक कुणीही असो, हे काम माझं आहे असं म्हणायचा हक्क, आणि कुणी त्याची मोडतोड करून नाव खराब केलं तर आक्षेप घ्यायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. तिने कॅफेला शांतपणे पत्र लिहिलं, मेन्यूच्या पुढच्या छपाईत आता तिचं नाव आहे. पैसे नाही मिळाले. पण पुढचं काम तिने लेखी ठरवून घेतलं.

हक्क देताना किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहायचं, हेही याच दिवशी कळलं. लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं आणि भारत असं धरून चालतो. हे सगळं पदवी घेताना मला कुणी सांगितलं नव्हतं. माझे शिक्षक फार मोठ्या मनाचे होते, हात धरून प्लेटवर रेषा कशी चढवायची ते त्यांनी शिकवलं, त्याचं ऋण आहेच. पण दाराबाहेरचं जग त्या अभ्यासक्रमात नव्हतं.

आता शेवटच्या रविवाराबद्दल. आपल्या कामाविषयी दीडशे शब्द लिहायचे होते, आणि ते इंग्रजीतच लिहायचे होते. मला हे अजिबात पटलं नाही आणि मी ताईंना तसं सांगितलं. वर्गात दाहोदकडचा एक मुलगा होता, आपल्या घरच्या भिंतीवरच्या चित्रांपासून काम करणारा. गुजरातीत तो आपल्या चित्राबद्दल असा बोलला की सगळे ऐकत राहिले. इंग्रजीत लिहायला बसला आणि इंटरनेटवरचे चार मोठे शब्द उतरवून दिले, त्यात त्याच्या घराची भिंत कुठेच नव्हती. आणि हे कुठल्या शहरात? सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं ते हातातल्या कलेला पोटाची जोड मिळावी म्हणून, आणि प्राध्यापक गज्जरांनी तिथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम लोकांच्या भाषेतून शिकवायचा आग्रह धरला. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकून गेले. आधी आपल्या भाषेत लिहू द्या, मग त्याचं इंग्रजी करायला शिकवा, दोन्ही पानं फाईलमध्ये ठेवा. ताई म्हणाल्या, गॅलऱ्या आणि अर्ज इंग्रजीच मागतात, मी काय करू? त्यांचंही खरं आहे. पण पुढच्या तुकडीपासून पहिला मसुदा ज्याच्या त्याच्या भाषेत, एवढं त्यांनी कबूल केलंय.

आणखी उणिवा सांगायच्या तर, वर्ग प्रिंट, पेंटिंग आणि शिल्पाकडे झुकलेला आहे. अप्लाईड आर्ट्स, ॲनिमेशन, फोटोग्राफी करणाऱ्यांना अर्ध्या गोष्टी लागू पडतात, क्लाएंटने सातव्यांदा बदल मागितले तर काय करायचं यावर जेमतेम वीस मिनिटं मिळाली. झेरॉक्स इतक्या फिक्या होत्या की करारनाम्याचा नमुना मला पुन्हा हाताने लिहून काढावा लागला. खोलीत दोनच पंखे आहेत. मार्चच्या पुढची तुकडी घेणाऱ्यांनी पाण्याची बाटली आणावी. आणि ज्यांना नोकरी हवी आहे, म्हणजे शाळेत, संग्रहालयात, डिझाईन ऑफिसात, त्यांच्यासाठी इथे फारसं काही नाही. मी स्वतः शिक्षिका आहे म्हणून मला हे लागलं. शिकवणं हीसुद्धा कलाकाराची पूर्ण वाट आहे, अडलं म्हणून धरलेली नाही, आणि तिची तयारी कुणीतरी करून घ्यायला हवी.

तरी फी वसूल झाली का, असं विचाराल तर माझी पहिल्या दोन रविवारांतच झाली. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी डिस्प्लेच्या, म्हणजे कॉलेजात कामं मांडतात त्या प्रदर्शनाच्या, आधी हा वर्ग नक्की करावा, नंतर नको, कारण डिस्प्लेत माणसं येतात आणि किंमत विचारतात. पालकांनीही एक रविवार येऊन बसावं. माझी बहीण पाचव्या रविवारी आली होती. "चित्रं काढून पोट भरेल का?" हा तिचा चार वर्षांचा प्रश्न. परत येताना रिक्षात ती भाचीला विचारत होती की एडिशन दहाचीच का, वीसची का नाही, आणि दोघी मांडवीपर्यंत त्यावरच बोलत होत्या.

मी मार्चमध्ये, दहा वर्षांनी, चार प्रिंट्स बाहेरगावी पाठवल्या. सोबत चलन, दोन प्रती. सही होऊन एक प्रत परत आली, ती वहीत चिकटवली आहे.

पुढची तुकडी पावसाळ्यानंतर आहे. जाताना एक पूर्ण झालेलं काम, मापाची पट्टी, पेन्सिल आणि पॅन कार्डाची प्रत न्या. काम मोठं असेल तर कुणाला तरी सोबत घ्या. जिना अरुंद आहे, वळणावर फ्रेम भिंतीला घासते, आणि वरून चौथी पायरी हलते.